चष्मेवाल्याच्या बुडाखालचं अक्षर

४ मार्च, मंगळवार

पियुष म्हणतो, "मावशी, हा बाहुला लाखात जाईल!" म्हटलं, तुझा नंबर वाढला वाटतं, बस, तपासते.

पण तो हटेना. गिऱ्हाईक जुनं आहे, संगणकाच्या कंपनीत काम करतो, पगार कुठे घालवायचा कळत नाही म्हणून जुन्या वस्तू गोळा करतो. मोबाइलवर फोटो दाखवले – असलेच जर्मन चिनीमातीचे बाहुले, खाली लांबलचक आकडे. "विकण्याआधी कोणाला तरी दाखवा. फुकट देऊन बसाल कोणालातरी."

द्यायचा तर आहेच कुठेतरी. एकतीस मेपर्यंत गाळा रिकामा करायचाय, इमारत पाडून नवी बांधणार. आप्पांनी एकसष्ट साली दुकान मांडलं, मी अठराव्या वर्षापासून बसतेय. फ्रेमा, काचा, नंबर तपासायची पेटी, सगळ्याची विल्हेवाट लागेल. चष्मेवाल्याचं काय करायचं?

वीतभर उंच. निळा कोट, लाल नाक, गळ्यात अडकवलेल्या खोक्यात तांदळाएवढे चष्मे, एक चष्मा हातात वर धरलेला. सत्याऐंशी साली आप्पांनी एका सकाळी काउंटरवर आणून ठेवला. "काचेच्या कंपनीच्या जर्मन साहेबांनी दिला. युद्धाच्या आधीचा आहे. हात लावायचा नाही." संपलं. नारायण पेठेतली निम्मी पोरं त्याला बघायला म्हणून डोळे तपासून घ्यायची.

आप्पा गेले २००३ला. आई या जानेवारीत. दादा तर एक्याऐंशीतच गेला – गोव्याला, समुद्रात. तेव्हा बाहुला माझा. विचारायलाही कोणी नाही.

पियुषने एका बाईंचा नंबर दिलाय. कमरजहां शेख. संग्रहालयात तीस वर्षं काच आणि चिनीमाती सांभाळली म्हणे.

६ मार्च, गुरुवार

फोन केला. "शनिवारी अकराला या. रिक्षातून आणणार असाल तर मांडीवर घेऊन बसा. पिशवीत नको." फोन ठेवला! नमस्कार म्हणायलाही वेळ नाही. आवडल्या.

८ मार्च, शनिवार

नीट क्रमाने लिहिते.

रास्ता पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहतात. सत्तरीच्या, केस बारीक कापलेले, चष्म्याच्या दांडीला दोरा बांधलेला. (फ्रेम चुकीची आहे, नाकावरून घसरते. बोलले नाही.) म्हणाल्या, "चहा आधी की वाईट बातमी आधी?" म्हटलं, "चहा. बातमी गार झाली तरी चालते."

वाईट बातमी अशी – युद्धाच्या आधीचा वगैरे काही नाही. बुडाला हिरवं फेल्ट चिकटवलेलं होतं. ते ओल्या फडक्याने मऊ करून त्यांनी हळूहळू सोडवलं. खाली कारखान्याचा निळा शिक्का. "ही खूण बरीच अलीकडची. आणि हा आकडा बघा, ओल्या मातीतच दाबलेला. ८६. शहाऐंशी सालचा माल आहे. काम चांगलं आहे, रंगवणाऱ्याचा हात सुंदर आहे. पण दहा-बारा हजारांच्या वर कोणी देणार नाही."

मला हसूच आलं. आप्पांना कोणी तरी जर्मन साहेब गंडवून गेला! निघायला म्हणून उठले.

बाईंनी बाहुला परत दिला नाही. भिंग लावून बघत बसल्या. मग दिवा जवळ ओढला. मग म्हणाल्या, "ताई, तुम्ही चष्मेवाल्या ना? तुमचं भिंग काढा. आणि काय दिसतं ते तुम्ही सांगा. मी आधी बोलत नाही."

शिक्क्याच्या बाजूला, अगदी कडेला, तपकिरी रंगात, मुंगीएवढं – दि.

देवनागरी. द ला पहिली वेलांटी. दि!

"रंगवणारे कारागीर बुडाशी आपली खूण करतात," बाई म्हणाल्या. "कोणी आकडा टाकतो, कोणी अक्षर. तीस वर्षांत मराठी अक्षर मी पाहिलेलं नाही."

म्हटलं, इथे आल्यावर लिहिलं असेल कोणी. त्यांनी कापूस स्पिरिटमध्ये बुडवला आणि घासला. चांगला घासला. कापूस पांढराच्या पांढरा. "भट्टीतून भाजून निघालंय. ज्याने रंगवला त्यानेच लिहिलंय, तिथे, तेव्हाच. तिकडे तुमचं कोणी होतं का?"

"नाही."

मग का कोण जाणे, म्हणून गेले, "माझ्या भावाचं नाव दिग्विजय होतं. तो एक्याऐंशी साली वारला."

बाईंनी आकडा पुन्हा पाहिला. "मग हा दुसरा कोणी," म्हणाल्या. पण किती हळू म्हणाल्या!

तिथून थेट दुकानात. आत, माळ्याखाली, जुनी पाटी आहे – 'सुनेत्र चष्मेवाले' – दादाने एकोणऐंशी साली रंगवलेली. शिडी लावली. धूळ पुसली. उजव्या कोपऱ्यात त्याची सही. दि. वेलांटी द च्या डोक्यावरून पलीकडे जाऊन छत्रीच्या दांड्यासारखी वळते. अशी वेलांटी दुसरं कोणी काढत नव्हतं, शाळेत मार खायचा त्यापायी.

बाहुला उलटा करून पाटीला लावून धरला. भिंग लावलं.

तीच छत्री. तोच दांडा.

मेलेला माणूस पाच वर्षांनी जर्मनीत बाहुले रंगवतो!

९ मार्च, रविवार

काही नाही. दिवसभर नुसती बसून.

१० मार्च, सोमवार

लिहूनच काढते, त्याशिवाय डोक्यातला गोंधळ थांबणार नाही.

दादा एकवीस वर्षांचा होता. चित्रकलेचं शिक्षण अर्धवट सोडलेलं, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. कोरेगाव पार्कात तेव्हा गोऱ्या लोकांची झुंबड होती, त्यांच्याकडेही पाट्या रंगवायला जायला लागला. तिथे एक जर्मन मुलगी. आप्पांना कळलं. घरात आठ दिवस भांडण – म्हणजे आप्पा बोलत होते, दादा गप्प. मग एक दिवस तो गोव्याला निघून गेला, तिच्याबरोबर. जानेवारी होता.

फेब्रुवारीत आप्पा म्हणाले, तार आलीय. मी जातो. कोणी यायचं नाही.

ती तार मी पाहिली नाही. आईनेही नाही. हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. चव्वेचाळीस वर्षांनी!

पाचव्या दिवशी परत आले. आई दारात. आप्पांनी टोपी काढली. डोकं गुळगुळीत भादरलेलं. बोलले काहीच नाही. आई होती तिथे खाली बसली, चपलांमध्ये.

नंतर एवढंच म्हणाले – "समुद्रात गेला. हाती लागला नाही. विधी मीच उरकून आलो."

कोण विचारणार, कुठल्या पोलीस ठाण्यात नोंद केली, कोणी पाहिलं? भादरलेलं डोकं पाहिलं, पुरे झालं.

मी कॉलेज सोडलं. आप्पा दुकानात नुसते बसायचे, गिऱ्हाइकाने हाक मारली तरी ऐकू जायची नाही. म्हणून मी जायला लागले. थोडे दिवस म्हणून. दोन स्थळं आली, दोन्ही बरी होती. आईकडे बघितलं आणि नाही म्हटलं. कोणी जबरदस्ती केली नाही, उगाच खोटं कशाला लिहू. पण कारण दादाच होता.

आणि आई! दर माघ वद्य पंचमीला त्याचं पान. शेवयांची खीर, कारण त्याला आवडायची. गच्चीवर पान ठेवून हात जोडून उभी राहायची, कावळा शिवेपर्यंत. गुडघे गेले तरी जिने चढायची. यंदा आई नव्हती, म्हणून मी पान ठेवून आले. आत्ताच, गेल्या महिन्यात.

कोणासाठी ठेवलं?

१२ मार्च, बुधवार

रंगनाथकाका. आप्पांकडे पस्तीस वर्षं काचा घासायला होते. आता त्र्याऐंशीचे आहेत, कसबा पेठेत मुलाकडे राहतात. सकाळी गेले. बाहुला घेऊन गेले. त्यांच्या समोर उलटा करून ठेवला.

त्यांना अक्षर दिसणं शक्य नाही, मोतीबिंदू दोन्हीकडे. पण फेल्ट काढलेलं हाताला कळलं. बोट फिरवलं. आणि रडायलाच लागले! आत सून कुकर लावत होती, ती बाहेर धावली. "काही नाही, तू जा," म्हणाले.

"बाळ, मालकांनी शपथ घातली होती."

"कसली?"

"दादा जिवंत असल्याची."

इतकं सरळ. जसं 'काच तयार आहे, घेऊन जा' म्हणावं.

सत्याऐंशी साली पार्सल आलं, दुकानाच्या पत्त्यावर. मी बँकेत गेले होते. आत बाहुला आणि पत्र. आप्पांनी पत्र वाचलं, दोनदा वाचलं, दार लावून घेतलं आणि रंगनाथकाकांना सगळं सांगितलं. कोणाला तरी सांगायला हवंच होतं बहुतेक. आम्ही दोघी सोडून.

गोव्यात दादा भेटला होता. जिवंत, धडधाकट. आप्पांनी दंडाला धरून ओढला, तो आला नाही. ती मुलगी बाजूला उभी राहून रडत होती. मग दोघं बसमध्ये बसून निघून गेले. बस गेल्यावर समोर न्हाव्याचं दुकान होतं. आप्पा आत जाऊन बसले. "तेव्हा डोक्यात एवढंच होतं, की माझ्यापुरता तो मेला," असं म्हणाले म्हणे. "घरी आलो, टोपी काढली, ती खाली बसली. मग काय सांगू तिला? की रागाने काढले केस?"

"मग पत्र आल्यावर तरी!" मी ओरडले. कसब्यातल्या गल्लीत ऐकू गेलं असेल.

"पत्रात लिहिलं होतं, दिवाळीला येतो, आईला भेटायला. मालक घाबरले. एवढा घाबरलेला माणूस मी पाहिला नाही, बाळ. येतो म्हणतोय, येतो म्हणतोय, हेच चाललं होतं. दोन दिवसांनी मला पाकीट दिलं. परदेशी पत्ता. पोस्टात टाकून ये म्हणाले. मी टाकलं."

"काय लिहिलं होतं?"

"देवाशपथ, मला ठाऊक नाही. पण दादा आला नाही. आणि पुन्हा पत्रही नाही."

"आप्पा गेल्यावर का नाही सांगितलंत? बावीस वर्षं झाली!"

"आलो होतो. तेराव्यानंतर आलो होतो. वहिनींनी चहा दिला. दादाच्या फोटोला हार होता, ताजा. चहा प्यायलो आणि परत आलो."

मी उठले. पाया पडले नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या घरून पाया न पडता निघाले.

१३ मार्च, गुरुवार

फोटोवरचा हार काढला. काढला आणि हातात धरून उभी. जिवंत माणसाच्या फोटोवरचा हार टाकायचा कुठे – निर्माल्यात की केरात?

जिवंत आहे की नाही तेही कुठे माहीत आहे. सहासष्टचा असेल. असला तर.

आणि आप्पा रोज सकाळी त्या बाहुल्याला पुसायचे. दुकान उघडलं की आधी उदबत्ती, मग बाहुला. मलमलच्या तुकड्याने, नाक, कोट, खोक्यातले चष्मे. मला हात लावू द्यायचे नाहीत. मला वाटायचं, महाग आहे म्हणून. सोळा वर्षं मुलाला पुसत होते, आणि आई घरी त्याचंच पान वाढत होती, दहा मिनिटांच्या अंतरावर!

राग येतो. मग ते मलमल आठवतं. मग आणखी राग येतो.

१७ मार्च, सोमवार

कमरजहांबाईंना सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "कारखाना बंद पडलाय, पण गावात त्यांचं संग्रहालय आहे. कारागिरांच्या नोंदवह्या असतात. मला जर्मन येतं, थोडं गंजलंय. बसा, लिहू या."

फोटो काढले – शिक्का, ८६, दि. पत्र त्यांनी लिहिलं, मला अर्थ सांगितला. 'या अक्षराच्या मालकाची बहीण पुण्यात आहे. तिला एवढंच कळवावं की तो कोण होता.' मी म्हटलं, "कोण आहे, असं लिहा." त्यांनी खोडून नीट केलं.

३० मार्च, रविवार

पाडवा. आईचं वर्ष, गुढी नाही. उत्तरही नाही.

२ एप्रिल, बुधवार

पियुष आला होता. "काय मावशी, किती म्हणाल्या बाई?" म्हटलं, "अजून मोजतायत." फ्रेमांचे दोन ट्रे घेऊन गेला, कुठल्याशा प्रदर्शनाला.

९ एप्रिल, बुधवार

उत्तर आलं!!

बाईंनी फोनवर वाचून दाखवलं. मी काउंटरला धरून उभी, समोर एक आजोबा एका डोळ्यावर हात ठेवून पाटीवरची अक्षरं म्हणतायत, त्यांना तसंच बसवून ठेवलं.

नोंदवहीत आहे. रायरीकर, दिग्विजय. पुणे, भारत. त्र्याऐंशी ते शहाण्णव, रंगकाम विभाग. खूण – पुढे त्यांनी ते अक्षर जसंच्या तसं चितारलंय, कोणी तरी न कळता, चित्र काढावं तसं. छत्रीसकट.

पत्ता देता येत नाही, तिकडचे नियम. पण तुमचं पत्र कुटुंबाकडे पोचवलंय, असं लिहिलंय.

कुटुंबाकडे. म्हणजे त्याच्याकडे नाही? म्हणजे तो –

आजोबा म्हणाले, "ताई, हात काढू का डोळ्यावरचा?"

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी मेल आली. थेट मला. इंग्रजीत. पाठवणारीचं नाव वाचून खुर्चीत बसले.

सुमती.

सुमती हे आईचं नाव. आईच्या नावाने मला जर्मनीहून मेल!

ती दादाची मुलगी आहे. सदतीस वर्षांची. दादा जिवंत आहे! जिवंत आहे, जिवंत आहे. ऑक्टोबरमध्ये अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, घरातच असतो. बायको चार वर्षांपूर्वी वारली. पुढचं जसं आहे तसं उतरवून ठेवते, नाही तर उद्या मलाच खरं वाटणार नाही:

'आजारानंतर पपांचं जर्मन हळूहळू जातंय. ते आता तुमच्या भाषेत बोलतात. आधी कधी बोलले नव्हते, त्यामुळे आम्हाला कोणालाच कळत नाही. तहान लागली की दुखतंय, तेसुद्धा अंदाजाने ओळखतो. एक वाक्य ते रोज म्हणतात. मी ऐकू येईल तसं लिहिते, तुम्ही अर्थ सांगाल का?'

आणि इंग्रजी अक्षरांत तिने लिहिलंय – आईला सांग मी आलो.

डोळे पुसून पुढचं वाचलं, आणि जे वाचलं ते तीनदा वाचावं लागलं.

'माझं नाव पपांच्या आईवरून ठेवलंय. मी जन्मले त्याच्या आदल्या वर्षी त्या वारल्या. पपांना आजोबांच्या पत्रातून कळलं. पपा दिवाळीला भारतात येणार होते, तिकिटं काढली होती, ती रद्द केली. पत्रात असंही होतं की तुमचं लग्न होऊन तुम्ही दूर गेलात आणि तुम्हाला पपांचं नावही नको आहे. म्हणून त्यांनी पुन्हा कधी लिहिलं नाही. तुम्ही शोध घेतलात याचं आम्हाला खूप आश्चर्य वाटतंय.'

आई सत्याऐंशी साली वारली!

जी आई आत्ता जानेवारीत गेली, या खोलीत, माझ्या हातून दोन चमचे पाणी पिऊन!

म्हणजे आप्पांनी इकडे त्याला मारला आणि तिकडे तिला. दोन्ही बाजूंनी दार लावून घेतलं आणि मध्ये स्वतः बसले, काउंटरवर, मलमल घेऊन. अडतीस वर्षं एका माणसाला पोरकं करून ठेवलं, आणि आईला निपुत्रिक. म्हणजे मी होतेच म्हणा. माझंही लग्न लावून दिलं कागदावर. बरं झालं, मांडव घालायचा त्रास वाचला.

जेवले नाही. कोणाला सांगू? आईला सांगावंसं वाटतंय. दुसरं कोणीच सुचत नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

त्या वाक्याचा अर्थ सुमतीला कळवला. ओळ लिहायला तास लागला. बाकी काही लिहिलं नाही. रविवारी बोलू या, म्हणते. ईस्टरची सुट्टी आहे. डॉक्टर म्हणतात बोलायला हरकत नाही, फक्त फार धक्का नको.

फार धक्का नको!

१९ एप्रिल, शनिवार

कमरजहांबाईंकडे गेले. म्हटलं, त्याला आईचं सांगू की नको? म्हणाल्या, "मला विचारू नका. मी भांड्यांना सल्ला देते." मग थोड्या वेळाने, "मी असते तर मला माहीत असावंसं वाटलं असतं. पण मी तशी खडूस आहे."

मी ठरवलंय. सांगणार. सगळं. आई कधी गेली, कशी गेली, दर माघात काय करायची, सगळं. आमच्या घरात एका माणसाने ठरवलं की कोणाला काय सोसवेल, आणि तिघांची माती झाली. मी ते करणार नाही. आप्पांच्या खुर्चीत बसले, आप्पांचं दुकान चालवलं, तेवढं पुरे.

बाईंची फ्रेम बदलून दिली. आता घसरत नाही. "कल्याणीताई, याचे किती?" म्हणाल्या. म्हटलं, गप्प बसा.

२० एप्रिल, रविवार

पाहिला.

पडद्यावर आधी सुमती – गोरी, घारी, आणि हनुवटी आईची! जशीच्या तशी. मग तिने फोन फिरवला.

खिडकीशी म्हातारा माणूस. पांढरी दाढी. उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. मी एकवीस वर्षांच्या मुलाला शोधत होते, वेडी! त्याने बराच वेळ पाहिलं. मला वाटलं ओळखलं नाही.

"कल्ये, म्हातारी झालीस."

चव्वेचाळीस वर्षांनी माणूस काय बोलला! मी म्हटलं, "तू काय कोवळा राहिलायस?" हसला. एकाच बाजूने हसतो आता. सुमती म्हणाली, ऑक्टोबरपासून पपा पहिल्यांदा हसले.

हळू बोलतो, शब्द शोधतो, पण मराठी आहे तशीच, नारायण पेठेतली, एक्याऐंशी सालची. "मंडईत अंजिरं आली का?" म्हणाला. आली, म्हटलं, संपतही आली. "दुकान कोण बघतं?"

"मी."

"मग घरचे? तुझे यजमान?"

"लग्न नाही झालं माझं, दादा."

हनुवटी हलायला लागली. "आप्पांनी तर लिहिलं –"

"आप्पांनी बरंच लिहिलं," मी म्हटलं.

तेव्हाच सांगायचं. जिभेवर आलं होतं. पण तो रडायला लागला, तोंड वाकडं करून, लहान मुलासारखं, आणि सुमतीने घाबरून फोन स्वतःकडे घेतला. "पुढच्या रविवारी," म्हणाली. "प्लीज, पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी नक्की.

२७ एप्रिल, रविवार

सांगायचंच म्हणून बसले होते. कागदावर मुद्दे काढले होते, हिशेबनीस असल्यासारखे.

दादा आज शांत होता. तोच आधी बोलला. "कल्ये, आप्पांनी नुसतं साल कळवलं. तिथी नाही. मी आपला सर्वपित्रीला करतो आईचं, इथल्या कॅलेंडरात अमावास्या बघून. इतकी वर्षं तेच. आता तू भेटलीस. तिथी सांग." बाजूला सुमती पेन घेऊन बसलेली, तिला त्याने आधीच बजावलं असणार.

मी म्हटलं, "पौष शुद्ध द्वादशी."

त्याने तिला एकेक अक्षर सावकाश सांगितलं. तिने लिहून घेतलं.

तिथी खरी आहे. या जानेवारीतलीच.

मग तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता विचारेल.

"बरं," म्हणाला.

साल त्याने विचारलं नाही. मी सांगितलं नाही.